वाचक विचारतात : गुरुवार, रात्री साडेअकरा

लालबागच्या एका खोलीतून गेली चौदा वर्षं इंटरनेटवर ‘अॅसिड’ या इलेक्ट्रॉनिक नाच-संगीताचा रेडिओ कार्यक्रम चालवणाऱ्या आमच्या वाचक-मैत्रिणीची ही उत्तरं.

प्रश्न : ताई, मी भांडुपचा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. मला ड्रम अँड बेसचा (इंग्लंडात वाढलेलं वेगवान ठेक्याचं इलेक्ट्रॉनिक संगीत) ऑनलाइन शो सुरू करायचाय. सामानाची यादी केली तर पंचेचाळीस हजारांवर गेली. आधी काय घेऊ? आणि तुमचा शो इतकी वर्षं टिकला कसा?

उत्तर : आधी काहीच घेऊ नकोस. वार ठरव.

२०११ मध्ये मी मोठ्या थाटात दर शनिवारी तीन तास असं जाहीर केलं होतं. नवव्या शनिवारी चुलतबहिणीचा साखरपुडा आला, दहाव्याला ऑफिसचं मार्च एंडिंग, आणि अकराव्याला मलाच कंटाळा आला. तीन तास भरायचे म्हणून न आवडणारे ट्रॅकही वाजवत होते, खरं दुखणं ते होतं. तेव्हापासून एक आड एक गुरुवार, रात्री साडेअकरा ते साडेबारा. अंगात ताप असताना आणि ऑडिट चालू असताना जेवढं जमेल तेवढंच लोकांना कबूल करायचं.

वेळेचा एक घोळ आधीच सांगून ठेवते. तुझे निम्मे श्रोते इंग्लंडात असणार. त्यांची घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी तासभर पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात. आपली जागची हलत नाहीत. माझे साडेअकरा म्हणजे लंडनला उन्हाळ्यात संध्याकाळचे सात, हिवाळ्यात सहा. सवयीने सातला येणारा माणूस नोव्हेंबरात पोहोचतो तेव्हा मी ‘शुभ रात्री’ म्हणत असते. म्हणून घड्याळं बदलण्याआधीच्या भागांत मी कंटाळा येईपर्यंत नवी वेळ सांगते.

आता सामान. माइक डायनॅमिक घे, साधा. कंडेन्सर माइक फार कान देऊन ऐकतो: पंखा, खालच्या मजल्यावरची भांडी, शेजारची मालिका. मे महिन्यातही पंखा बंद करून बसायची तयारी ठेव. माझ्या दारावर आजीची गोधडी टांगलेली असते. त्याहून भारी साउंडप्रूफिंग मी आजवर केलेलं नाही. गणपतीच्या दहा दिवसांत मात्र गोधडी काय, भिंतही कामाची नाही. तेव्हा आधी रेकॉर्ड केलेला भाग लावते आणि खाली जाऊन ढोल ऐकते.

इंटरनेटच्या महागड्या प्लॅनची गरज नाही. १२८ केबीपीएसने (सेकंदाला १२८ किलोबिट) एका श्रोत्याला तासाला ५७.६ एमबी लागतात. चाळीस जण ऐकत असले तर सर्व्हरवरून सुमारे २.३ जीबी जातात, पण तुझ्या घरून मात्र एकच धार जाते. वाटपाचं काम सर्व्हरचं. पैसे खर्चायचेच असले तर राउटरच्या छोट्या यूपीएसवर खर्च कर. एका जुलैत आमच्या मीटर रूममध्ये पाणी शिरलं आणि दिवे गेले. लॅपटॉप बॅटरीवर चालू, माइक त्यालाच जोडलेला, पडद्यावर हिरव्या पट्ट्या नाचतायत. मी अंधारात वीस मिनिटं अगदी रंगात येऊन बोलले, दोन ट्रॅक मिसळले, स्वतःवर खूशही झाले. राउटर दिव्यांबरोबरच गेला होता. शेवटी फोन उचलला तर लीड्सच्या एका श्रोत्याचा मेसेज : ‘आहात ना?’ आता शो चालू असताना फोनवर, मोबाइल डेटाने, माझाच शो एका कानाने ऐकत असते. अर्धा मिनिट उशिरा येतो, पण येतोय हे कळतं.

आणि पहिल्या दिवसापासून प्रत्येक भाग घरच्या डिस्कवर ठेव, दुसरी प्रत दुसऱ्या घरी. माझे जुने भाग ज्यांच्या सर्व्हरवर होते त्यांनी सेवा बंद केली. तशी सूचना आली होती, स्पॅममध्ये. एकसष्ट भाग गेले. एका जर्मन श्रोत्याने त्यातले चार स्वतःकडून पाठवले. बाकीचे सत्तावन्न तास मी काय वाजवलं, ते आता मलाही सांगता येणार नाही.

प्रश्न : अॅसिड हाऊस मुंबईत जन्मलं असं वाचलं. खरं का? – एक वाचक, दादर

उत्तर : चरणजित सिंग यांच्याबद्दल वाचलं असणार. ते हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणारे. त्यांनी १९८२ साली रोलँड या जपानी कंपनीची तीन इलेक्ट्रॉनिक वाद्ययंत्रं (टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८) घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा रागांची रेकॉर्ड केली. तेव्हा तिच्याकडे फारसं कोणी पाहिलं नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि जगभर बोभाटा झाला. शिकागोचं अॅसिड १९८७ चं, म्हणजे हे पाच वर्षं आधीचं. पण शिकागोच्या पोरांनी ते ऐकून आपलं संगीत बांधलं असं मानायला आधार नाही. म्हणून मी ‘जनक’ म्हणत नाही.

मला त्यातली वेगळीच गोष्ट आवडते. ३०३ हे गिटारवाल्यांच्या साथीला बेस वाजवणारं यंत्र म्हणून बाजारात आलं आणि त्यात ते सपशेल पडलं. पण त्यात ‘स्लाइड’ आहे. एक सूर सोडून दुसरा पकडण्याऐवजी आवाज घसरत जातो. शिकागोवाल्यांनी फिल्टरची बटणं पिळून त्या घसरण्याला किंचाळायला लावलं. सिंगांच्या हातात तीच घसरण मींडेच्या जवळ जाते. भैरव ऐका, हेडफोन लावून.

प्रश्न : परवान्याचं काय करता? – एक वाचक, ठाणे

उत्तर : रेडिओला हक्कदाराला न विचारता, ठरलेली रक्कम भरून गाणी वाजवू देणारा कायद्याचा परवाना, म्हणजे कॉपीराइट कायद्याचं कलम ३१-ड, इंटरनेटला लागू नाही असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटलं, आणि २०२२ मध्ये खंडपीठानेही तेच कायम केलं. त्यामुळे परवानगी थेट हक्कदाराकडूनच घ्यावी लागते. आमचा प्रकार एवढासा आहे की ट्रॅक बनवणाराच लेबलचा मालक असतो, दोन ओळींचं मेल टाकलं की उत्तर येतं. ती मेलं मी वर्षवार जपून ठेवते. उत्तर नाही आलं तर ट्रॅक वाजत नाही, कितीही आवडता असो.

प्रश्न : घरच्यांना हे संगीत आवडतं का? – एक वाचक, गिरगाव

उत्तर : आई पलीकडच्या खोलीत झोपते. तिच्यापर्यंत भिंतीतून नुसता ३०३ पोहोचतो. शुक्रवारी चहा ओतताना ती म्हणते, “काल बेडूक जरा कमी ओरडले तुझे.” ज्या गुरुवारी शो नसतो, त्याच्या दुसऱ्या दिवशी विचारते, “बरं नाही का तुला?”