मधले नाव, ‘अहो’ आणि परग्रहावरची माणसे

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

गोष्टीची वही माझ्या टेबलावर ठेवताना तू समासात लिहिले होतेस : ‘या ग्रहावरच्या लोकांचे मधले नाव आपल्यासारखे वडिलांचे ठेवले तर ते खरे वाटेल का? आणि आपण आजीला अगं, पण आजोबांना अहो का म्हणतो?’ तोंडी उत्तर मी नेहमी घाईत देते, म्हणून हे पत्र.

आधी याचा मायनाच पाहा. ‘चि.’ म्हणजे चिरंजीव, आणि ते मोठ्यांनी धाकट्यांना लिहायचे. तू आजोबांना लिहिशील तेव्हा ‘तीर्थरूप आजोबांस साष्टांग नमस्कार’ असे लिहिशील. म्हणजे कोण कोणाला लिहीत आहे, हे सही पाहण्याआधीच कळते. कल्पित समाजातल्या नावांकडून आणि संबोधनांकडून एवढेच काम करून घ्यायचे असते.

‘स्टार ट्रेक’ या अंतराळयानावरच्या मालिकेत १९९१ साली रो लारेन नावाची बेजोरी, म्हणजे परग्रहावरची, अधिकारी प्रथम आली. यानाचे कप्तान पिकार्ड तिला ‘एन्साइन लारेन’ म्हणतात (एन्साइन हा कनिष्ठ अधिकाऱ्याचा हुद्दा), तेव्हा आमच्यात कुळाचे नाव आधी येते, म्हणून मी ‘एन्साइन रो’, असे ती त्यांना सांगते. आपल्या गुणपत्रिकांवरही आडनावच आधी असते, त्यामुळे मराठी माणसाला त्या पद्धतीचे नवल वाटत नाही. लक्षात राहते ते तिचे चूक दुरुस्त करणे. माझ्या पासपोर्टवर माझ्या नावाला जोडून तुझ्या बाबांचे नाव छापलेले आहे, आणि इथल्या एका कचेरीने मला वर्षभर त्याच नावाने पत्रे पाठवली. मी मात्र रोसारखे बोलले नाही, पत्रे मुकाट्याने फाइलला लावत राहिले.

त्याच मालिकेतले परग्रहावरचे क्लिंगॉन लोक ‘मोगचा मुलगा वॉर्फ’ असे सांगतात. आपण ‘चा मुलगा’ म्हणत नाही, नुसत्या जागेवरून नाते ओळखतो. आणि म्हणूनच लग्नानंतर त्याच जागी नवऱ्याचे नाव आले तरी कागद काही बोलत नाही. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी नोंदीत वडिलांच्या नावाआधी आईचेही नाव येते. तुझ्या ग्रहावर ते पहिल्या दिवसापासून ठेवायला कोणाची ना नसावी.

मला सर्वांत आवडते ती अर्सुला ले ग्विन यांची ‘द डिस्पझेस्ड’ (१९७४) ही कादंबरी. त्यातल्या अनारेस नावाच्या जगात संगणक प्रत्येकाला एकच, दुसऱ्या कोणाचे नसलेले नाव देतो. आडनाव नाही, पदवी नाही. तिथला शास्त्रज्ञ शेवेक दुसऱ्या जगात जातो तेव्हा तिथले लोक त्याला ‘डॉक्टर’ म्हणतात आणि तो ते नाकारतो. पण एवढे सगळे पुसल्यावरही लेखिकेने दोन शब्द राखले आहेत : तिथले लहान मूल कोणत्याही मोठ्या माणसाला ‘मामे’ किंवा ‘ताडे’ म्हणू शकते, मग ते त्याचे आईवडील असोत वा नसोत. आपण वाण्याला काका आणि भाजीवालीला मावशी म्हणतो, ते याच जातीचे.

आता अगं आणि अहो. आईला ‘तू’ म्हणतो कारण ती जवळची, देवालाही आपण ‘तू’च म्हणतो, असे उत्तर तुला कोणीही देईल. ते खोटे नाही, पण मला ते पुरतेही वाटत नाही. आजी आजोबांना ‘अहो’ म्हणायची आणि आजोबा तिला ‘अगं’. तिथे दोघांमधले अंतर एकच होते, मग शब्द दोन का? आजोबांचे नाव ती उखाण्याखेरीज उच्चारत नसे. रेशनच्या दुकानात कार्डावरचे नाव विचारले की ती शेजारणीकडे पाहायची, आणि शेजारीण ते सांगायची. कॉलेजात असताना एकदा मी तिच्याबरोबर होते आणि शेजारीण नव्हती. आजीने नुसते कार्ड पुढे सरकवले आणि पदराचे टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली.

तुझ्या वहीत नावांचे नियम चार पाने भरून आहेत, पण ते असे कोणाला अडवत नाहीत. शिवाय तुझी कप्तान आपल्या आईला कोणत्या शब्दाने हाक मारते, हे कुठेच आलेले नाही. तेवढे ठरव, आणि मग त्या दोघींच्या भांडणाचे पान पुन्हा लिहून मला दाखव.

तुझी
आई