संप्रेरक 'सुटतं' की 'स्रवतं'?

एका वाचकाचा प्रश्न आहे: "जेवल्यावर पाचकरस सुटतात, तशी गॅस्ट्रिनसारखी संप्रेरकंही (हॉर्मोन्स) सुटतात, असं लिहिलं तर चालेल का? आणि 'ॲट्रोपिन या औषधामुळे संप्रेरकं थांबतात' हे वाक्य बरोबर आहे का?"

पहिलं वाक्य चुकीचं नाही, पण मी 'संप्रेरक रक्तात स्रवतं' असं लिहीन आणि 'रक्तात' हा शब्द गाळणार नाही. तोंडाला पाणी सुटतं, जठरात रस सुटतो; तो जिथे सुटतो तिथेच कामाला लागतो. गॅस्ट्रिनचं तसं नाही. जठराच्या खालच्या भागातल्या पेशींतून ते रक्तात उतरतं, रक्ताबरोबर फिरून पुन्हा जठराच्याच वरच्या भागात येतं आणि तिथे आम्ल तयार करायला लावतं. स्वतः ते काहीच पचवत नाही. म्हणून त्याला पाचकरस म्हणू नये.

'संप्रेरक' हा शब्द मला फार आवडतो. त्यात 'ईर्' धातू आहे, म्हणजे हलवणे, गती देणे. शरीरक्रियाशास्त्रज्ञ स्टार्लिंग यांनी १९०५ साली लंडनमधल्या व्याख्यानांत 'हॉर्मोन' हा शब्द वापरला, तोही चालना देणे या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून. त्याआधी १९०२ मध्ये त्यांनी आणि त्यांचे सहकारी बेलिस यांनी कुत्र्याच्या लहान आतड्याच्या एका भागाचे मज्जातंतू तोडून तिथे आम्ल घातलं, तरीही स्वादुपिंडातून रस आला. निरोप रक्तातून गेला होता. तो निरोप नेणारं द्रव्य म्हणजे सिक्रेटिन हे संप्रेरक.

याचा अर्थ मज्जातंतूंचं काही चालत नाही असा मात्र नाही. घास नुसता चघळला, गिळला नाही, तरी मेंदूकडून व्हेगस मज्जातंतूमार्फत आज्ञा सुटते आणि स्वादुपिंडातल्या पेशी पॅनक्रिएटिक पॉलिपेप्टाइड नावाचं संप्रेरक रक्तात सोडतात. ॲट्रोपिन दिलं की हा प्रतिसाद जवळजवळ नाहीसा होतो, कारण मज्जातंतूंचा निरोप पेशींपर्यंत नेणारं ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन असतं, आणि ॲट्रोपिन त्याचा निरोप पेशीपाशीच अडवतं. जेवणानंतरचं गॅस्ट्रिन मात्र ॲट्रोपिनने कमी होत नाही, उलट वाढूही शकतं: व्हेगसचा गॅस्ट्रिनपर्यंतचा निरोप वेगळ्या रसायनाने जातो, शिवाय आम्ल घटल्यामुळे गॅस्ट्रिनवरचा लगामही सैल होतो.

त्यामुळे दुसरं वाक्य सरसकट लिहिता येणार नाही. "ॲट्रोपिन ॲसिटिलकोलीनचा निरोप अडवतं, त्यामुळे त्या निरोपावर अवलंबून असलेली संप्रेरकं कमी स्रवतात" असं लिहा. लांबलं तरी चालेल.