परदेशातल्या आपल्या मुलांसाठी समुपदेशक व्हायचे असेल तर

सप्रेम नमस्कार,

आपले पत्र मिळाले. आपली मुलगी पुण्यात मानसशास्त्र घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. कॅलिफोर्नियात शिकणारा आपला भाचा गेल्या वर्षी तिथल्या समुपदेशकाकडे गेला होता, आणि ‘आई रोज फोन करते, तिला करू नकोस म्हणून स्पष्ट सांग’ हा सल्ला ऐकून दुसऱ्या भेटीनंतर त्याने जाणेच सोडले. तेव्हापासून परदेशी गेलेल्या आपल्या मुलांसाठीच काम करायचे असे तिने ठरवले आहे. त्यासाठी पदवीनंतर लगेच, कर्ज काढून, तिला अमेरिकेला पाठवावे का, असे आपण विचारता.

माझे मत असे की आत्ता पाठवू नये. तिची निवड मात्र मला अगदी योग्य वाटते.

भाच्याच्या बाबतीत चुकले ते समुपदेशक अमेरिकन होता म्हणून नव्हे, तर त्या फोनचा मुलाच्या लेखी अर्थ काय, हे विचारायचे राहून गेले म्हणून. कदाचित दिवसभरात तोच एक फोन त्याला हवासा वाटत असेल. कदाचित घर गहाण ठेवून पाठवलेल्या मुलाला, एका विषयात नापास झालो हे आईला सांगता येत नसेल. २०१३ साली आलेल्या ‘डीएसएम-५’ या अमेरिकन निदान-पुस्तिकेत यासाठी सोळा प्रश्नांची एक मुलाखतच दिलेली आहे: या त्रासाला तुम्ही स्वतः काय म्हणता, तो कशामुळे झाला असे तुम्हाला वाटते, घरच्यांना काय वाटते, याआधी कोणाकडे मदत मागितली, अशा धर्तीची. आपल्याकडे ‘मला नैराश्य आले आहे’ असे म्हणत फारसे कोणी येत नाही. ‘छातीत धडधडते’, ‘डोके जड होते’, ‘कशात मन लागत नाही’ असे म्हणत येतात, आणि तिथून पुढचे ऐकून घेणे हेच या कामातले खरे कौशल्य आहे.

मराठी असल्यामुळे हे आपल्याला आपोआप जमेल, असे मुलीला वाटत असेल तर तो समज आताच दूर व्हावा. परदेशातल्या कित्येकांना समुपदेशक नेमका ‘आपल्यातला’ नको असतो, कारण गोष्ट मंडळाच्या गणपतीपर्यंत पोहोचेल ही भीती असते. शिवाय एखाद्या दलित विद्यार्थ्याला, समोरच्या मराठी बाईंनी आडनाव ऐकून काय ओळखले असेल, याचीच धास्ती आधी वाटू शकते. म्हणूनच मेलनी टर्व्हालॉन आणि जॅन मरे-गार्सिया या दोन डॉक्टरांनी १९९८ साली ‘सांस्कृतिक नम्रता’ हा शब्द पुढे आणला: दुसऱ्याची संस्कृती आपल्याला पाठ झाली असे कधीच न मानणे, आणि आपल्या हातातला अधिकारही तपासून पाहणे.

आता परवान्याचा हिशेब, जो प्रवेश मिळवून देणारे एजंट सहसा सांगत नाहीत. अमेरिकेत समुपदेशनाचा परवाना प्रत्येक राज्य आपापला देते. कॅलिफोर्नियात विवाह व कुटुंब समुपदेशकाला देखरेखीखाली केलेल्या कामाचे ३,००० तास, किमान १०४ आठवड्यांत विभागून, भरावे लागतात. त्यांतले काही शिकताना मोजले जातात, पण निम्म्याहून अधिक पदवीनंतरचेच असतात. विद्यार्थी व्हिसावर पदवीनंतर काम करण्याची मुभा साधारण १२ महिन्यांची. पुढची २४ महिन्यांची वाढ विज्ञान-तंत्रज्ञानाच्या ठरावीक यादीतल्या विषयांनाच मिळते, आणि समुपदेशनाचे अभ्यासक्रम सहसा त्या यादीत नसतात. म्हणजे पदवी हातात, परवाना अर्धवट आणि कर्जाचे हप्ते सुरू, अशी अवस्था होण्याचा धोका मोठा आहे.

त्यापेक्षा एम.ए. इथेच करावे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत उपयोजित मानसशास्त्राचा, समुपदेशनावर भर असलेला अभ्यासक्रम आहे. दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवीचा विचार करू नका. २०२५च्या सत्रापासून विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्राला त्या पद्धतीतून वगळले आहे. पुढे चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) व्हायचे झाल्यास भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते आणि तो मार्ग वेगळा आहे. मुलीला नेमके काय व्हायचे आहे, हे एम.ए.च्या अर्जाआधी ठरलेले बरे.

एम.ए.नंतर दोन वर्षे तिने पुण्यातच विद्यार्थ्यांबरोबर काम करावे. नांदेड-गडचिरोलीहून स्पर्धा परीक्षेसाठी आलेला, कॉट बेसिसवर राहणारा मुलगा, मणिपूरची मुलगी, आफ्रिकेतून शिकायला आलेला विद्यार्थी हे सगळे घर सोडूनच आलेले आहेत, आणि यांतल्या बहुतेकांची भाषा किंवा रीत तिची नाही. ते काम तिला मानवले, तर परदेशाचा विचार तेव्हा करता येईल, आणि तेव्हा अर्जात लिहायला अनुभवही असेल.

भाच्याविषयी एक सांगते. समुपदेशक बदलून मागण्यात गैर काही नाही. विद्यापीठाच्या केंद्रात तसे विचारता येते, आणि दक्षिण आशियाई विद्यार्थ्यांबरोबर काम केलेले कोणी आहे का, हेही. सुटीत तो इकडे येणार असेल तर आधीच चौकशी करायला सांगा, कारण परवाना त्या राज्यापुरता असल्याने तिथले समुपदेशक बहुधा इथे ऑनलाइन भेट देऊ शकत नाहीत. तेवढ्या काळासाठी आपल्याकडे ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक आहे, आणि तिथे मराठीतही बोलता येते.

आपली,
करिअर मार्गदर्शक