रविवारी मिरामारला जाते, तरी डोकं शांत का होत नाही?

वैशालीताई (नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत) फोंड्याच्या. वय 43, वेर्ण्याला एका औषध कंपनीत गुणवत्ता तपासणी विभागात नोकरी. सकाळी सव्वासातला स्कूटर काढायची, बोरीच्या पुलावरून वेर्णा गाठायचं, संध्याकाळी त्याच वाटेने परत. मुलगा दहावीत, घरी सासूबाई, नवऱ्याचं हार्डवेअरचं दुकान. माझ्याकडे समुपदेशनाला आल्या तेव्हा त्या म्हणाल्या, "सगळे सांगतात, निसर्गात जा, मन हलकं होईल. आम्ही तर गोव्यातच राहतो. दर रविवारी मिरामारच्या किनाऱ्यावर जातो. तरी सोमवारी डोकं जडच. माझ्यातच काही बिघाड आहे का?"

गोव्यात हे वाक्य थोड्याफार फरकाने सारखं कानावर येतं. बाहेरची माणसं रजा टाकून, पैसे मोजून जिथे विसावा शोधायला येतात, तिथे जन्म काढूनही आपण दमतो, याची अनेकांना लाजच वाटते. मग थकवा राहतो बाजूला आणि त्यावर अपराधीपणा चढतो.

पहिल्या भेटीत निसर्गाचा विषय काढलाच नाही. सततच्या थकव्यामागे शरीराचं कारण असेल तर समुद्र काय करणार? फॅमिली डॉक्टरांकडून हिमोग्लोबिन, थायरॉइडसाठी टीएसएच आणि बी-12 तपासून घ्यायला सांगितलं. पीएचक्यू-9 ही नैराश्याची प्रश्नावलीही भरून घेतली. तिच्यात 9 प्रश्न असतात, गुण 0 ते 27. 10 किंवा त्याहून जास्त आले तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायचं. नववा प्रश्न जगणं नको वाटण्याबद्दलचा आहे. त्याचं उत्तर 'कधीच नाही' सोडून काहीही असेल, तर एकूण बेरीज कितीही कमी असो, थांबायचं नाही. बांबोळीचं मनोरुग्णालय किंवा 14416 ही टेली-मानसची हेल्पलाइन, जे लवकर गाठता येईल ते. वैशालीताईंचे 7 गुण आले. नवव्या प्रश्नाला शून्य. हिमोग्लोबिन थोडं कमी होतं, त्याच्या गोळ्या डॉक्टरांनी सुरू केल्या.

मग त्यांना मागचा रविवार तासातासाने सांगायला लावलं. चारला निघायचं ठरलं, निघाले पावणेपाचला. पणजीत पार्किंगसाठी तीन फेऱ्या. वाळूत पोहोचेपर्यंत ऑफिसच्या ग्रुपवर एका बॅचवरून चर्चा पेटलेली, तिला दोन उत्तरं दिली. मुलाला घरी जायची घाई, सासूबाईंना वाळूत चालवत नव्हतं, म्हणून त्यांच्यासाठी बाकड्यावर जागा शोधली. फोटो, भेळ, भेळेत तिखट किती यावर वाद. परतताना गाडी कुणी चालवायची, रात्री जेवायला काय, उद्याच्या डब्याला काय. घरी साडेआठ.

"यात पाण्याकडे किती वेळ पाहिलंत?" या प्रश्नावर त्या हसल्या. "फोटो काढताना पाठीमागे होतं ना!"

त्या रविवारात वाईट काहीच नाही. घरच्यांबरोबर भेळ खाणं हे वेगळं सुख आहे आणि ते सोडायचं कारण नाही. फक्त त्याला विश्रांती समजू नये. मिशिगन विद्यापीठातल्या स्टीफन आणि रेचल कॅप्लान यांनी 1989 साली सविस्तर मांडलेला सिद्धांत इथे उपयोगी पडतो. लक्ष दोन प्रकारचं असतं. एक आपण जोर लावून एका जागी धरून ठेवतो: कागद तपासताना, गर्दीत गाडी हाकताना, कुणाला काय हवं ते लक्षात ठेवताना. दुसरं आपोआप वेधलं जातं, जसं हलणाऱ्या पाण्याकडे किंवा पानांवरच्या उन्हाकडे. पहिलं वापरून थकतं. दुसरं चालू असतं तेव्हा पहिल्याला सुट्टी मिळते. वैशालीताई आठवडाभर बॅच रेकॉर्डमधले आकडे तपासत होत्या आणि रविवारी पार्किंग, सासूबाई, तिखट. सुट्टी मिळालीच नव्हती.

जागा कुठली घ्यायची, हा पुढचा प्रश्न. त्यांच्या सासरचं सावई-वेऱ्याला कुळागर आहे. पोफळी, माड, मिरीचे वेल, मधून पाट वाहतो. याहून चांगली जागा कुठली, असं कुणालाही वाटेल. त्यांनी मान हलवली. "तिथे गेलं की पडलेली सुपारी दिसते. झावळी ओढायची राहिलेली दिसते. पाटाचं पाणी कुणी अडवलं ते दिसतं. पाच मिनिटं टेकलं की काकी हाक मारते."

कॅप्लानांनी मन ताजं होण्याच्या अटींत 'दूर असणं' हीही एक अट धरली आहे, पण ते दूर म्हणजे किलोमीटर नव्हे. रोजच्या जबाबदाऱ्या जिथे आठवण करून देत नाहीत ती जागा दूर, मग ती घरापासून 10 मिनिटांवर का असेना. स्वतःचं कुळागर, स्वतःची बाग, कुंड्यांनी भरलेली गच्ची ही हौसेची जागा असेल, काम करताना आनंदही देईल, पण दमलेल्या डोक्याला तिथे कामंच दिसतात. जिथलं काहीच आपल्या अंगावर नाही, अशी जागा आधी शोधावी.

ती त्यांच्या वाटेवरच होती. बोरी पुलाच्या आसपास, लोटलीच्या बाजूलाही, जुवारीच्या काठाने खाजनं आहेत. शेतं, खाऱ्या पाण्याचे चर, बांध आणि बांधात बसवलेली मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणारा दरवाजा. मानशीची लाकडी दारं भरतीच्या पाण्याने आपोआप मिटतात आणि सुकतीला, म्हणजे ओहोटीला, आतल्या पाण्याने ढकललं की उघडतात. रोजच्या वाटेवरची जागा घेण्याचं कारण साधं आहे: वेगळं निघावं लागलं की तिसऱ्या दिवशी जाणं बंद होतं.

ठरलं ते असं. कामाच्या दिवशी परतताना 25 मिनिटं. फोन पिशवीत, 'डू नॉट डिस्टर्ब'वर, फक्त सासूबाई आणि मुलगा यांचा कॉल वाजेल असा. पूर्ण बंद नको, कारण घरी वयस्कर माणूस असलं की बंद फोनचीच काळजी लागते. बांधावर जाण्याआधी स्कूटरवर बसूनच डोक्यातली अडकलेली कामं चिठ्ठीवर लिहायची आणि प्रत्येकासमोर वेळ टाकायची: 'डेव्हिएशन रिपोर्ट, उद्या 10 वाजता'. मग 200 पावलं, पण पाच मिनिटांत, म्हणजे नेहमीच्या निम्म्याहून कमी वेगाने. उरलेला वेळ एका जागी बसणं. श्वास मोजायचा नाही, मंत्र नाही, ध्यान नाही. बघायला एक हलणारी गोष्ट पुरे.

त्यांना खेकडे सुचवले. सुकतीला चिखल उघडा पडतो तेव्हा एक नांगी भलीमोठी असलेले चिमुकले खेकडे तिथे चरत असतात. माणसाचं पाऊल पडलं की क्षणात सगळे बिळांत. आपण हललो नाही तर काही मिनिटांत आधी डोळे वर येतात, मग एकेक जण बाहेर, आणि नर ती मोठी नांगी वर-खाली हलवू लागतात. मोबाइल बघायला मान वळवली तरी पुन्हा सामसूम. स्थिर बसलो की नाही, हे सांगणारं याहून चोख घड्याळ नाही.

पहिला आठवडा वाईट गेला. तो बहुतेकांचा जातो आणि हे आधीच सांगून ठेवलं नाही तर लोक तिथेच सोडतात. सुरुवातीची दहा मिनिटं मन शांत होण्याऐवजी जास्त बडबडतं. दिवसभर कामाच्या आवाजाखाली दबलेलं सगळं वर येतं: साहेबांनी चारचौघांत टाकलेला शब्द, मुलाच्या गणिताचे गुण. हा खळबळाट म्हणजे उपाय फसल्याची खूण नव्हे. विचार हाकलायला गेलं की पुन्हा जोर लावणं आलं. तो आला तर येऊ द्यावा आणि नजर चिखलाकडे न्यावी, बस.

दुसऱ्या आठवड्यात वेगळीच अडचण आली. वैशालीताईंनी वहीत तक्ता आखला. किती मिनिटं, किती पावलं, कुठले पक्षी. पक्षी ओळखायचं ॲपही घेतलं. गुणवत्ता विभागाचा माणूस निसर्गाचंही ऑडिट करणारच! पक्षी ओळखणं हा छंद सुरेख आहे, पण त्याला नेमकं तेच लक्ष लागतं ज्याला इथे आराम द्यायचाय. तक्ता बंद केला, ॲप रविवारसाठी ठेवलं.

"पण मला मजा येत नाही तिथे. डास चावतात. मग फायदा कसा होणार?" हा प्रश्न रास्त होता. 2008 साली मिशिगनमध्येच झालेल्या एका प्रयोगात लोकांना सुमारे 50 मिनिटं चालवलं, काहींना झाडांच्या उद्यानातून, काहींना गजबजलेल्या रस्त्यावरून. आकडे उलट्या क्रमाने सांगण्याच्या चाचणीत उद्यानातून आलेल्यांची प्रगती जास्त दिसली, आणि कडाक्याच्या थंडीत, चालणं सुखाचं नसतानाही ती दिसली. म्हणजे आनंद वाटलाच पाहिजे ही अट नाही. डासांवर उपाय मात्र करावा: पायभर पँट, हातापायांना मलम, आणि दिवेलागणीच्या आधी उठणं. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला बुडतो, जूनमध्ये सातनंतर. त्यामुळे हिवाळ्यात ही वेळ संध्याकाळी बसतच नाही, सकाळी न्यावी लागते. एकट्या बाईने गरी टाकणारे, शेतातले लोक दिसत असतील तिथेच बसावं आणि कुठे थांबतोय ते घरी सांगून ठेवावं.

आठवड्याला किती वेळ पुरतो? इंग्लंडमधल्या सुमारे 20,000 लोकांच्या माहितीवर 2019 साली आलेल्या अभ्यासात, आठवड्याला 120 मिनिटं किंवा जास्त वेळ निसर्गात घालवणाऱ्यांत प्रकृती चांगली असल्याचं सांगणारे अधिक होते, मग तो वेळ एकदम घेतलेला असो की तुकड्यांत. यावरून कारण सिद्ध होत नाही. बरं असणारी माणसंच जास्त बाहेर पडत असतील. पण ध्येय म्हणून आकडा सोयीचा आहे: 25 मिनिटं पाच दिवस म्हणजे 125. वैशालीताईंना तीन-चार दिवसच जमलं. तेवढ्यानेही फरक पडला.

खरी अडचण बांधावर नव्हतीच, घरी होती. "कामं पडलेली असताना मी काय चिखल बघत बसू?" पहिल्यांदा उशिरा पोहोचल्या तर मुलाने विचारलं, "आई, तुला बरं नाही का?" लपवून करायचं ठरवलं तर अपराधीपणा वाढतो, म्हणून घरी सरळ सांगून टाकायला लावलं: सोमवार ते शुक्रवार मी पावणेसातला येईन, चहा तुम्ही करून घ्या. रात्री जेवणानंतर त्या तासभर मोबाइल चाळत होत्या. ती 25 मिनिटं तिथून काढली, स्वयंपाकातून नाही.

पाऊस लागला की बांध निसरडा होतो, सापही वर येतात. तेव्हा जागा बदलायची. घराच्या बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या उघड्या ओट्यात, सोप्यावर बसून पाऊस पाहिला तरी चालतं, अट एवढीच की घराकडे पाठ आणि फोन आत. मर्दोळ, मंगेशी, कवळ्याच्या देवळांतल्या तळ्यांकाठीही आडोसा मिळतो. धबधब्यांचा मोह पावसाळ्यात टाळावा. पाणी वरच्या डोंगरात पडलेल्या पावसाने क्षणात चढतं. सत्तरी तालुक्याकडच्यांना आणखी एक सांगणं: डिसेंबर ते मे हा तिथे माकडतापाचा हंगाम. तो गोचिडींमुळे होतो, तेव्हा रानातल्या वाळलेल्या पानांवर बसू नये, अंगभर कपडे घालावेत, घरी आल्यावर गरम पाणी-साबणाने आंघोळ करून कपडे लगेच धुवावेत. आजारी किंवा मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवावं.

दोन महिन्यांनी वैशालीताईंनी सांगितलेले बदल छोटे होते. एकच पान तीनदा वाचायला लागत होतं, ते आता एकदा पुरतं. दारातून आत शिरताच मुलावर ओरडणं कमी झालं. यात गोळ्यांनी वाढलेल्या हिमोग्लोबिनचा वाटा किती आणि खेकड्यांचा किती, हे वेगळं काढता येणार नाही. साहेबांचा त्रास तसाच होता. त्यासाठी कामाची वाटणी लेखी मागणं, नाही कसं म्हणायचं याचा सराव, असं वेगळं काम करावं लागलं. बांधावर बसून ते सुटलं नसतं.

त्यांच्याच कंपनीतल्या रात्रपाळी करणाऱ्या एका सहकाऱ्याने त्यांचं पाहून सकाळी सात वाजता घरी जाताना थांबायला सुरुवात केली आणि त्याची दिवसाची झोप उडाली. सकाळचा लख्ख उजेड मेंदूला दिवस सुरू झाल्याचा इशारा देतो. रात्रपाळीवाल्यांनी सकाळी गॉगल घालून थेट घरी जावं, अंधाऱ्या खोलीत झोपावं आणि ही 25 मिनिटं दुपारी उठल्यानंतर, पाळीला निघण्याआधी घ्यावीत.