आयव्ही सर्टिफिकेट आहे, मग शिरेतून अँटिबायोटिक देता येईल का?

प्रश्न: पुण्यात जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलं. आता कॅलिफोर्नियातल्या एका स्किल्ड नर्सिंग फॅसिलिटीत (दीर्घकाळ शुश्रूषा देणारी संस्था) रात्रपाळीला एलव्हीएन (लायसन्स्ड व्होकेशनल नर्स, आरएनच्या खालचा परवाना) आहे. रात्री आरएन (रजिस्टर्ड नर्स) नसते. सेफ्ट्रायाक्सोन या अँटिबायोटिकची पिगीबॅक (सलाइनच्या नळीला जोडायची औषधाची छोटी बाटली) मीच लावायची आणि सकाळी एमएआरवर (औषधं दिल्याच्या नोंदीचा तक्ता) आरएन सही करणार, असं डायरेक्टर ऑफ नर्सिंग सांगतात. 'तुझ्याकडे आयव्ही सर्टिफिकेट आहे ना?' दोन रात्री मी लावलीही. आता नकार दिला तर नोकरी जाईल का?

उत्तर: आज रात्रीपासून लावू नका. तुमचं सर्टिफिकेट खरं आहे, पण ते औषधांसाठी नाही. कॅलिफोर्नियाच्या बिझनेस अँड प्रोफेशन्स कोडच्या कलम २८६०.५ नुसार डॉक्टरांच्या आदेशावरून आणि संस्थेच्या लेखी कार्यपद्धतीनुसार एलव्हीएन शिरेतून फ्लुइड सुरू करू शकते. फ्लुइड म्हणजे इलेक्ट्रोलाइट, पोषक द्रव्यं, जीवनसत्त्वं, रक्त आणि रक्तघटक. अँटिबायोटिक त्यात बसत नाही, मग ते पुश (सिरिंजने थेट शिरेत) असो वा पिगीबॅक. पुण्याच्या वॉर्डात हे काम तुम्ही रोज केलं असेल. इथे हातातलं कौशल्य नव्हे, परवाना मोजला जातो. वरिष्ठांच्या हुकमाने त्याची हद्द वाढत नाही, आणि चौकशी झाली तर परवाना देणारं बोर्ड तुमच्या परवान्याची करेल.

सही हा प्रकार मला त्याहून गंभीर वाटतो. डोस एकीने द्यायचा आणि सही दुसरीने करायची, ही खोटी नोंद झाली. रात्री दोनला पेशंटला ॲलर्जी उठली, तर औषध कोणी, किती वाजता सुरू केलं हे चार्टवरून कळणारच नाही.

नकार देताना पेशंटचा डोस चुकू देऊ नका. पाळी सुरू होताच डॉक्टरांना फोन करा. सेफ्ट्रायाक्सोन बहुधा दिवसातून एकदाच असतं, त्यामुळे आरएन हजर असतानाची वेळ मागता येते. ते स्नायूतही देता येतं, आणि आदेश तसा बदलला तर ते इंजेक्शन तुम्ही देऊ शकता. निर्णय डॉक्टरांचा. फोनची वेळ आणि मिळालेला आदेश चार्टमध्ये लिहा. मग डायरेक्टरना ईमेल करा: 'शिरेतून औषध देणं माझ्या परवान्यात बसत नाही. डॉक्टरांना कळवलं आहे. रात्रीच्या डोससाठी आरएनची सोय करावी.' एवढंच. कोणावर आरोप नको, पेशंटचं नाव नको, चार्टचे फोटो तर मुळीच नकोत.

फॅसिलिटीत खाटा किती, तेही बघा. परवाना १०० किंवा जास्त खाटांचा असेल, तर डायरेक्टर सोडून किमान एक आरएन चोवीस तास कामावर असायलाच हवी.

नोकरीबद्दल: कायदा मोडणारं काम नाकारल्याबद्दल सूड घेण्यास लेबर कोडचं कलम ११०२.५ मनाई करतं. पेशंटच्या सुरक्षेबद्दल तक्रार केलीत, तर हेल्थ अँड सेफ्टी कोडचं कलम १२७८.५ लागू होतं. मालकाला तक्रार माहीत असून १२० दिवसांच्या आत कारवाई झाली, तर ती सूडबुद्धीने झाल्याचं गृहीत धरलं जातं आणि तसं नव्हतं हे मालकाला दाखवावं लागतं. कायद्यामुळे नोकरी टिकेलच असं नाही, पण लढायला आधार मिळतो. म्हणून तक्रार लेखी, तारखेसह हवी.

झालेल्या दोन रात्रींच्या नोंदींना आता हात लावू नका. बोर्डाचं पत्र किंवा तपास अधिकाऱ्याचा फोन आला, तर उत्तर देण्याआधी परवान्याच्या प्रकरणांत काम करणारा वकील गाठा. तुमची स्वतःची व्यावसायिक विमा पॉलिसी असेल, तर त्यात वकिलाचा खर्च धरला आहे का, ते आजच पाहा.