एकाच पेनाने लिहिलेली वही

दोनशेपानी वही. कडेला तारीख, शेजारी उपाशीपोटीची साखर, तिच्या शेजारी जेवणानंतरची. ११८, १२२, १२०, ११९. सव्वा महिन्याचे आकडे, सगळे एकाच निळ्या पेनाने, एकसारख्या वळणाचे. रोज सकाळी घाईत लिहिलेली वही अशी दिसत नाही. मध्येच पेन बदलतं, एखाद्या पानावर चहा सांडतो. ही वही एका बैठकीत उतरवली होती.

"मग एचबीएवनसी ८.९ कशी आली?" वहिनी विचारत होत्या मला, बघत होत्या नवऱ्याकडे.

ती तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांचा सगळा जमाखर्च सांगते. ८.९ म्हणजे सरासरी साखर दोनशेच्या वर. वहीतले ११८ तिथे टिकणार नव्हतेच.

मोहनराव (नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत) एक्कावन्न वर्षांचे. सातारा भागातल्या एका आगारात एसटीचे वाहतूक नियंत्रक. दिवसभर कॅबिनमध्ये बसून गाड्यांच्या नोंदी आणि माईकवर घोषणा. प्रत्येक गाडीमागे कुणी ना कुणी चहा पाजणारा. दोन वर्षांपूर्वी मधुमेह निघाला. तेव्हापासून सल्ल्यांची कमतरता अशी कधी पडली नाही. मेहुण्याने कारल्याचा रस सांगितला, साहेबांनी दोनच वेळा जेवायला सांगितलं, पुण्याची मुलगी रोज एक व्हिडिओ पाठवते. सगळं करून झालं होतं. आठ दिवस, फार तर पंधरा.

वहिनींना थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, मला सगळं कळतं, पण वळत नाही. माझ्यात इच्छाशक्तीच नाही का हो?"

मी समुपदेशक. हा प्रश्न माझ्याकडे इतक्या जणांकडून आलाय, की तेवढ्यासाठीच ही हकिकत लिहायला घेतली. नापास झालेला विद्यार्थी हेच विचारतो, दारू सोडू पाहणारा हेच विचारतो, आणि जिमची वर्षाची फी भरून घरी बसलेली बाईही. मी मोहनरावांना उलट विचारलं, "खरा आकडा सांगितला की घरी काय होतं?"

ते जरा हसले. "एकदा १९० आली होती, सांगितली. ही रडली. पोरीचा फोन आला. मेहुणा रात्री घरी आला. चार दिवस घरात सुतक असल्यासारखं. त्यापेक्षा ११८ बरी."

इथेच मला उत्तर मिळायला हवं होतं. पण मी काय केलं? छान तक्ता आखून दिला. साडेपाचला उठणे, पाऊण तास चालणे, इतके वाजता फळ, इतके वाजता झोप. पुढे टिकमार्कचे चौकोन. तीन आठवड्यांनी त्यांनी तक्ता आणला. सगळ्या चौकोनांत टिक. सकाळपाळीच्या आठवड्यातसुद्धा, जेव्हा हा माणूस साडेपाचला कॅबिनमध्ये बसलेला असतो. मला हसूच आलं. मी त्यांना दुसरी खोटी वही करून दिली होती. आम्हा समुपदेशकांना सल्ल्याचं दुकान मांडायची खोड असते, आणि गिऱ्हाईक नम्र असलं की माल खपल्यासारखा वाटतो.

मग तक्ता फाडला आणि एकच गोष्ट ठरवली. डब्याचं झाकण लागलं की उठायचं आणि दहा मिनिटं चालायचं. घरी असलात तर गल्लीत, ड्युटीवर असलात तर पहिल्या फलाटापासून शेवटच्या फलाटापर्यंत आणि परत. घड्याळ बघायचं नाही, कारण पाळी बदलली की घड्याळ बदलतं, डब्याचं झाकण बदलत नाही. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये मधुमेहाच्या ४१ रुग्णांवर हे करून पाहिलंय. दिवसातून एकदा अर्धा तास चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं चालल्यावर जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहिली, रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्क्यांनी. औषधं अर्थातच डॉक्टरांची चालू होती, आणि चालणं सुरू करण्याआधी त्यांनाही विचारलं. इन्सुलिन किंवा काही गोळ्या चालू असतील तर साखर एकदम खाली जाऊ शकते, तेव्हा हे विचारणं टाळू नका.

दुसरं म्हणजे, हिशोब द्यायचा कुणाला? वहिनींना नाही, असं मी म्हटल्यावर त्या भडकल्या. "मग मी काय करायचं? नुसतं बघत बसू?" त्यांच्याशी वेगळं बसले तेव्हा कळलं, वडिलांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस व्हायचं, तेव्हा सोबत याच जायच्या. तिथल्या खुर्च्यांचा रंगसुद्धा त्यांना आठवत होता. साखरेचा आकडा ऐकला की त्यांना नवरा दिसायचा नाही, ती खुर्ची दिसायची. अशा माणसाला रोज खरा आकडा सांगणं सोपं नसतं, आणि तो ऐकणाऱ्यालाही झेपत नाही. त्यांची भीती खरी होती. पण पोलिसाचं काम त्यांच्याकडून काढून घेणं भाग होतं.

मोहनरावांनी स्वतःच नाव सुचवलं. आगारातला मेकॅनिक, कदम म्हणू. सहा वर्षांपूर्वी तंबाखू सोडलेला, कमी बोलणारा. ठरलं ते इतकंच: दर शनिवारी संध्याकाळी सातपैकी किती दिवस चाललो तो आकडा त्याला सांगायचा. कारण सांगायचं नाही, कदमांनी सल्ला द्यायचा नाही. या दुसऱ्या अटीचं त्यांना फार बरं वाटलं.

पहिला शनिवार चार. मग पाच, सहा. मग आषाढी आली. पंढरपूरच्या जादा गाड्या, कॅबिनबाहेर रांगा, डबा उघडायलाही फुरसत नाही, मिळेल तो वडापाव आणि चहा. त्या शनिवारी मोहनराव वर्कशॉपच्या दाराशी जाऊन दोनदा परत फिरले. तिसऱ्यांदा आत गेले आणि म्हणाले, "शून्य."

कदम एका गाडीखाली होते. तिथूनच म्हणाले, "बरं. पुढच्या शनिवारी सांगा."

मोहनराव मला हे सांगताना दोनदा थांबले. दोन वर्षांत पहिल्यांदाच असं झालं होतं, की त्यांनी वाईट आकडा खरा सांगितला आणि काहीही कोसळलं नाही. सवय एकवीस दिवसांत लागते असं आपण ऐकत आलोय. लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या आणि २०१० साली छापून आलेल्या अभ्यासात मात्र सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८, तर कुणाला अडीचशेच्या आसपास लागतील असा हिशोब निघाला. आणि एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. मला वाटतं, चुकलेला दिवस लपवावा लागला की बिघडतं.

त्यानंतरच्या शनिवारी पाच.

पुढची एचबीएवनसी ७.६ आली. डॉक्टरांनी मध्ये एक गोळीही वाढवली होती, त्यामुळे सगळं श्रेय फलाटाला देता येत नाही. सातच्या खाली अजून यायचंय. दुपारपाळीच्या आठवड्यात रात्रीचं चालणं अजून बुडतं.

मागच्या भेटीला वही पुन्हा आली, यावेळी वहिनींनी नाही, मोहनरावांनी पिशवीतून काढली. निळी शाई, काळी शाई, मध्येच पेन्सिल. एका पानाला तेलाचा डाग. एका रविवारी १७८, आणि पुढे बारीक अक्षरात: "पुतणीचं लग्न, जिलेबी २."

वहिनींनी पान वाचलं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पंगतीत मी शेजारीच होते हो."

मोहनरावांनी माझ्या टेबलावरचं पेन घेतलं, दोन खोडलं आणि तीन लिहिलं.