दही, मीटर आणि दोन भावांची वाटणी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत नववीत आहे. सायन्सच्या प्रोजेक्टला सरांनी वैज्ञानिक पद्धतीनं एक प्रयोग करून आणायला सांगितलंय. आमची आजी म्हणते दही गाडग्यातच घट्ट लागतं, स्टीलच्या डब्यात तसं लागत नाही. हा विषय घेतला तर चालेल का? आणि हायपोथेसिस चुकीची निघाली तर मार्क जातात का?

उत्तर : चालेल काय, धावेल! मातीच्या भांड्यांसाठी नावाजलेल्या खानापूरच्या पोरीनं गाडग्यावर प्रयोग करायचा नाही तर कुणी करायचा.

आजी सांगते ते निरीक्षण आहे, एवढ्या वर्षांचं, ते हलक्यात घेऊ नकोस. खरं त्यात अजून 'का' आलेला नाही, तो तू घालायचा. "गाडग्याची माती दह्यातलं पाणी शोषून घेते म्हणून दही घट्ट होतं" असं लिहिलंस की झाली हायपोथेसिस, पुस्तकात जिला गृहीतक म्हणतात. गृहीतक असं पाहिजे की ते खोटं असेल तर खोटं म्हणून दिसलं पाहिजे. "गाडग्यातलं दही चांगलं लागतं" हे कसं तपासणार, चांगलं काय ते ज्याच्या त्याच्या जिभेवर. पण गाडगं दही लागल्यावर जड होतं का आणि त्या दह्यातनं पाणी कमी गळतं का, हे काट्यावर आणि मापात दिसतं.

आता असं कर. दूध सगळं एकाच पातेल्यात तापव, कोमट होऊ दे, साधारण ४० अंश सेल्सिअस. तीन कोरडी गाडगी आणि तीन स्टीलचे डबे घे, रिकाम्यांचं वजन आधी ग्रॅममध्ये लिहून ठेव. प्रत्येकात २५० मिलिलिटर दूध आणि ५ मिलिलिटर विरजण (खोकल्याच्या औषधाच्या टोपणावर ५ ची रेघ असते बघ, ते धुऊन वापर), मग सगळी झाकून एकाच फळीवर ठेवायची आणि एकाच वेळेला उघडायची. बदल काय तो फक्त भांड्याचा, बाकी सगळं सारखं, नाहीतर दही कशामुळं घट्ट झालं ते कळायचंच नाही. तापाचा थर्मामीटर घालू नकोस हां, तो ३५ ते ४२ पर्यंतच असतो आणि काचेचा फुटला तर पारा दुधात, शाळेच्या लॅबमधला माग आणि तो बुडवलेलं दूध प्रयोगालाच ठेव, खायचं नाही. दही लागलं की प्रत्येकातलं १०० ग्रॅम दही पातळ फडक्यात बांधून अर्धा तास टांगायचं आणि खाली किती मिलिलिटर पाणी पडलं ते लिहायचं. गाडगं रिकामं करून आतनं पुसून परत काट्यावर. तीन-तीन का, तर एखादं गाडगं कमी भाजलेलं असलं आणि तेवढं एकच घेतलेलं असलं तर तू त्याच्यावरच विश्वास ठेवून बसशील.

आता मार्कांचं. गृहीतक चुकलं म्हणून मार्क जायला नकोत, आणि गेले तरी वहीतला आकडा बदलायचा नाही. मी शाळेत असताना लंबकाच्या प्रयोगात (दोऱ्याची लांबी आणि झोक्याचा वेळ मोजून गुरुत्वाकर्षणाचा g काढायचा) वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांचं उत्तर ९.८ आलं होतं, कारण सगळ्यांनी पुस्तकात बघून उलटं गणित केलेलं. एका मुलीचं तेवढं ९.४ आलं आणि तिनं ते तसंच लिहिलं. बाईंनी तिला ओरडायच्या ऐवजी तिचा लंबक काढायला लावला, तर दोऱ्याची लांबी तिनं हुकापर्यंतच मोजलेली, गोळ्याच्या मध्यापर्यंत नाही. ५० सेंटिमीटरच्या जागी ४८. त्या २ सेंटिमीटरमुळं ९.८ चं ९.४ होतं, करून बघ तू. त्या दिवशी आम्हाला लंबक कळला तो तिच्या त्या 'चुकीच्या' आकड्यामुळं.

प्रश्न : मीटर एवढाच का? कुणी ठरवला? आमच्या शेर-पायलीत काय वाईट होतं? (बेळगाव)

उत्तर : वाईट काही नव्हतं, गावातल्या गावात छान चालायचं. दुसऱ्या बाजारात गेलं की भांडण, कारण इथला शेर आणि तिथला शेर एक असेलच असं नाही, त्यात शेर वजनाचा पण आणि मापाचा पण. फ्रान्समध्ये हीच बोंब होती, म्हणून क्रांतीनंतर त्यांनी ठरवलं की कुठल्या राजाच्या हातापायावरनं नको, पृथ्वीवरनंच माप काढू. उत्तर ध्रुव ते विषुववृत्त या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर. ते मोजायला १७९२ मध्ये दलांब्र आणि मेशँ हे दोघं खगोलशास्त्रज्ञ निघाले, फ्रान्सच्या उत्तरेकडचं डंकर्क ते स्पेनमधलं बार्सिलोना एवढा तुकडा मोजायचा आणि बाकीचं गणितानं काढायचं, सहा-सात वर्षं लागली. मेशँला बार्सिलोनाच्या अक्षांशात साधारण ३ सेकंदांचा फरक सापडला (एका अंशाचे ३६०० भाग केले तर त्यातले तीन, म्हणजे किती बारीक बघा) आणि तो त्यानं कुणाला सांगितलाच नाही. आयुष्यभर मनाला लावून घेतलं त्यानं ते. तो वारल्यावर कागद दलांब्रच्या हातात आले तेव्हा उलगडा झाला. हुशार माणूस, मेहनती माणूस, आणि फरक लपवला, म्हणून वरच्या नववीतल्या पोरीला मी एवढं सांगतोय. मीटर तसाही सुमारे ०.२ मिलिमीटर आखूडच ठरला, पण त्याचं मोठं कारण मेशँ नव्हे, पृथ्वीच्या चपटेपणाचा अंदाज चुकला होता.

आपल्याकडं मीटर-किलोचा कायदा १९५६ चा, आणि किलोची वजनं बाजारात यायला लागली १९५८ च्या ऑक्टोबरपासनं. मीटर १९८३ पासनं प्रकाशाच्या वेगावर बांधलाय आणि किलो २०१९ पासनं प्लँकच्या स्थिरांकावर, म्हणजे निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या आकड्यावर.

प्रश्न : आमची जमीन कर्नाटकात निपाणीकडं पहाणीवर (तिकडचा सातबारा) १-२० आणि पलीकडं कागल तालुक्यात सातबाऱ्यावर १.२० आहे. भाऊ म्हणतो आकडा सारखाच आहे, एक तू घे एक मी घेतो. आर म्हणजे गुंठाच ना?

उत्तर : थांबा, सही करू नका! आर आणि गुंठा जवळ-जवळ आहेत हे खरं, पण तुमचे ते दोन आकडे अजिबात सारखे नाहीत.

कर्नाटकच्या पहाणीवर एकर-गुंठे-आणे असतं. १-२० म्हणजे १ एकर २० गुंठे, ४० गुंठ्यांचा एकर, म्हणून दीड एकर, ६० गुंठे. महाराष्ट्राच्या सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतं, १०० आरचा हेक्टर, तिथं १.२० म्हणजे १२० आर. गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे १०१.१७ चौरस मीटर, आणि आर १० मीटर बाय १० मीटर, १०० चौरस मीटर. म्हणजे निपाणीकडचे ६० गुंठे झाले ६०.७ आर आणि कागलकडचे १२० आर. एकाला दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट! दोन्ही मिळून १८०.७ आर, निम्मे निम्मे केले तर प्रत्येकी साधारण ९०.३५ आर. पाणी, पोटखराब (लागवडीला न येणारा भाग), रस्ता हे वेगळं बघायला लागेल, आणि सरकारी मोजणी करून घेतल्याशिवाय वाटणी नको. भावाचा हेतू वाईट असेलच असं नाही, दोन राज्यांच्या कागदांवर नुसते आकडे बघितले की कुणाचंही असं होतं.

प्रश्न : दूध आम्ही लिटरच्या मापानं मोजून देतो, डेअरीत काट्यावर किलोत घेतात. फरक पडतो का?

उत्तर : पडतो. एक लिटर दूध साधारण १.०३ किलो भरतं, म्हणजे ४० लिटरचा कॅन, रिकाम्या कॅनचं वजन वजा करून, ४१.२ किलोच्या आसपास यायला पाहिजे. काट्यावर ४१.२ आणि पावतीवर ४० लिटर, दर लिटरचा, तर हिशोब बरोबर आहे. दर किलोचा असून पावतीवर ४० च लिहीत असतील तर कॅनमागं १.२ किलोचे पैसे तुम्हाला मिळत नाहीयेत, उद्या सकाळी दूध घालायला जाल तेव्हाच विचारा.